बत्ह्याच्या रस्त्यावरून चिखलाची गोष्ट

शुक्रवारी बत्ह्याला आलात की जरा पायांखाली बघा. ‘बत्हा’ म्हणजे वाळू-गोट्यांचं कोरडं नदीपात्र. अशा भुसभुशीत जमिनीत खोल भोक पाडलं की कडा ढासळतात.

१९००-०१ च्या सुमारास टेक्सासच्या स्पिंडलटॉपला तेलविहीर खोदताना हीच अडचण आली. तेव्हा डबक्यात गुरं फिरवून पाणी गढूळ केलं आणि तो चिखल भोकात सोडला, असं सांगतात. भिंत टिकली. वर आलेला चिखल खड्ड्यात निवळायचा, गाळ खाली बसायचा आणि तोच चिखल पुन्हा आत जायचा. म्हणजे पुनर्वापर पहिल्यापासूनच आहे!

आज पाइलिंगला बेंटोनाइट वापरतात. ही माती आपल्या कच्छमध्येही निघते. चाळणी आणि हायड्रोसायक्लोन वाळू वेगळी काढतात, उरलेला चिखल परत कामाला येतो. सिमेंट मिसळलं की मात्र तो फाटतो, घट्ट होतो. मग बहुतेकदा टाकावा लागतो.

रियाधचं बरंचसं पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून शेकडो किलोमीटरवरून येतं. तुमच्यापैकी कुणी साइटवर असेल, तर चांगला चिखल गटारात सोडू देऊ नका. गटार तुंबतं, आणि पाऊस आला की जुनी नदी आपली वाट शोधतेच.