प्रकाशसंवेदी बहुवारिकांच्या अब्जांश नलिका

प्लॅस्टिकातून वीज वाहत नाही, ही समजूत १९७७ मध्ये मोडली. हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायरमिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या बहुवारिकाला, म्हणजेच पॉलिमरला, आयोडीनची जोड देऊन ते विद्युत्‌वाहक बनविले. २००० मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या कुळातील काही बहुवारिके प्रकाश शोषून विद्युत्‌भार निर्माण करतात. त्यांच्याच, केसाहून शेकडो पट बारीक अशा पोकळ नळ्या म्हणजे या अब्जांश नलिका.

त्या घडविण्याची रीत मोठी वेधक आहे. आम्लात बुडविलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून वीज सोडली की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्यात मधाच्या पोळ्यासारखी उभी, अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. हा झाला साचा. त्यावर वितळलेले बहुवारिक किंवा त्याचे द्रावण ठेवले की ते छिद्र भरण्याआधी भिंतींवर पसरते. ताकाचा पेला रिकामा केल्यावर आतून लेप उरावा, तसे. मग सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात साचा विरघळवितात आणि नळ्या तेवढ्या उरतात. मार्टिन श्टाइनहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत २००२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली.

भरीव तार सोडून नळीच कशासाठी? बहुवारिकाने प्रकाश शोषला की ऋण व धन भारांची जोडी तयार होते. तिला एक्सायटॉन म्हणतात. ही जोडी अल्पायुषी असते. साधारण १० नॅनोमीटर सरकते न सरकते तोच ती विरते. (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) तेवढ्या अंतरात इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या पदार्थाची सीमा भेटली, तरच भार सुटे होऊन वीज मिळते. जाड थरात म्हणूनच बराच प्रकाश वाया जातो. नळीची भिंत मुळातच पातळ, शिवाय आतल्या पोकळीत तो दुसरा पदार्थ भरता येतो. सीमा हाकेच्या अंतरावर येते.

आयर्लंडमधील कॉर्कच्या टिंडल संस्थेतील संशोधकांनी एकेका बहुवारिक तारेपासून २००६ मध्ये प्रकाशशोधक आणि २००७ मध्ये लेसर करून दाखविला. अर्थात त्या तारा होत्या. पॉलिफ्लुओरीनच्या नलिकांचे काम २००८ मधील.

अडचणी आहेतच. साचा विरघळवून वाळविताना द्रवाच्या पृष्ठताणामुळे नळ्या एकमेकींना चिकटून त्यांचे झुबके होतात. प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की बहुवारिक खराब होते. प्रकाशासाठीच घडविलेल्या वस्तूचे हे दुर्दैवच. त्यामुळे तिला हवाबंद वेष्टन द्यावे लागते. वेगात ती सिलिकॉनच्या जवळपासही नाही. मात्र सिलिकॉनसाठी शेकडो अंश तापमानाच्या भट्ट्या लागतात, तर बहुवारिकाचे द्रावण साध्या तापमानाला लवचीक पृष्ठभागावरही पसरविता येते.