सहअवलंबित्व : पालक आणि मुलांच्या नात्यातले

सहअवलंबित्व : एकाचे बरेवाईट दुसऱ्याने इतके अंगावर घेणे, की शेवटी दोघांनाही स्वतःचे वेगळे आयुष्य उरत नाही, अशा नात्याला दिलेले नाव. पालक आणि मुलांमध्ये ते दोन रूपांत दिसते. कुठे आईवडील मोठ्या झालेल्या मुलाच्या चुकांवर पांघरूण घालत राहतात आणि त्यातच त्यांचे दिवस सरतात. कुठे मूलच आईचे किंवा वडिलांचे मन सांभाळण्याच्या कामाला जुंपले जाते. मराठीत हा शब्द अजून पुस्तकी वाटतो; समुपदेशकाच्या खोलीत 'कोडिपेन्डन्सी' असेच म्हणतात. परस्परावलंबन म्हणजे हे नव्हे. एकमेकांच्या आधाराने तर प्रत्येकच घर चालते, पण त्या आधारात 'नाही' म्हणायला जागा असते. ती जागा संपते तिथे सहअवलंबित्व सुरू होते.

सोमवारी सकाळी मुलाच्या ऑफिसात फोन करणारी आई हे या नात्याचे नेहमीचे चित्र. बत्तीस वर्षांचा मुलगा रात्री पिऊन आलेला, अजून उठलेला नाही. "रात्रीपासून ताप आहे हो त्याला," आई त्याच्या साहेबांना सांगते. मग उशाशी लिंबूपाणी ठेवते, नवरा आंघोळीला गेला आहे तेवढ्यात उलटीची चादर भिजत घालते, आणि कोपऱ्यावरच्या टपरीची उधारी भाजीच्या पैशांतून भागवते. यातले एकेक काम सुटे पाहिले तर मायाच दिसते. पण दुपारी मुलगा उठतो तेव्हा नोकरी शाबूत, चादर स्वच्छ, उधारी फिटलेली. त्या रात्रीची किंमत त्याला सोडून घरातल्या सगळ्यांनी मोजलेली असते.

ही कल्पना निघाली ती अशाच दारूच्या घरांतून. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अॅक्रन शहरी, १९३५ मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' सुरू केले. नवरे सभेत बसत तेव्हा बायका बाहेर एकमेकींशी बोलत. त्या बोलण्यातून पुढे १९५१ मध्ये बिल यांच्या पत्नी लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने 'अल-अॅनॉन' उभे राहिले. पिणाऱ्याचे पिणे आपण लावलेले नाही, ते आपल्या ताब्यात नाही आणि बरे करणेही आपल्या हाती नाही, हे कुटुंबीयांना उमजवणे हा त्या गटांचा गाभा. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटातल्या व्यसनमुक्ती केंद्रांत 'सह-मद्यपी' या जुन्या शब्दाच्या जागी 'कोडिपेन्डन्ट' रुळू लागला.

मग आले १९८६. मेलडी बीटी यांचे 'कोडिपेन्डन्ट नो मोअर' हे पुस्तक त्याच सुमारास बाजारात आले आणि लाखोंनी खपले. अॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये 'को-डिपेन्डन्ट्स अॅनॉनिमस'ची पहिली सभा भरली. टिमन सरमॅक या मनोविकारतज्ज्ञाने सहअवलंबित्वाला व्यक्तिमत्त्व-विकाराचा दर्जा द्यावा असे सुचवले. योगायोग असा, की त्याच वर्षी २९ ऑगस्टला पुण्यात, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. या दोन धाग्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. मात्र एकट्या व्यसनीला बरे करून भागत नाही, हे दोन्हीकडे कळत गेले. मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालतो.

पालक आणि मुलांच्या नात्याचा विचार मात्र दारूपासून दूर, कुटुंबोपचाराच्या शाखेत आधीच सुरू झाला होता. मरे बोवेन यांनी १९५४ पासून वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्ण मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही वॉर्डात राहायला आणले. पुढे वडील आणि भावंडेही आली. एकाची घालमेल दुसऱ्याला कशी लागते, आणि आईची चिंता मुलीकडे सरकली की आई कशी सावरते, हे त्यांनी जवळून पाहिले. कुटुंबात राहूनही स्वतःचे मत आणि भावना वेगळ्या ठेवता येणे, याला त्यांनी 'स्वत्वाचे विभेदन' म्हटले. सॅल्व्हाडोर मिनुशिन यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात ज्या घरांत सीमारेषाच पुसट झाल्या आहेत, अशा गुरफटलेल्या कुटुंबांचे वर्णन केले.

मिनुशिन यांच्या चमूने केलेला एक प्रयोग विलक्षण होता. मधुमेह असलेल्या मुलांना एकतर्फी आरशामागे बसवून आईवडिलांचे भांडण पाहायला लावले आणि मधूनमधून सगळ्यांचे रक्त तपासले. भांडण पेटले तसे मुलांच्या रक्तातले मेदाम्लांचे प्रमाण, म्हणजे शरीरावरच्या ताणाची खूण, वाढत गेले. मुले खोलीत आल्यावर आईवडिलांचे प्रमाण उतरले, मुलांचे मात्र चढेच राहिले. नमुना अगदीच लहान होता आणि पुढे त्यावर टीकाही झाली. तरीही 'माझ्यामुळे घरात शांतता आहे' असे मानणाऱ्या मुलाच्या अंगावर काय बेतते, याचे इतके बोलके चित्र क्वचित सापडते.

निदान म्हणून सहअवलंबित्वाला मान्यता नाही. सरमॅक यांची सूचना अमेरिकी मनोविकार संघटनेने स्वीकारली नाही. संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात ते नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही नाही. मोजण्यासाठी १९९१ ची सोळा विधानांची स्पॅन-फिशर मापनश्रेणी वापरली जाते, पण तिचा गुण म्हणजे रोगाचा शिक्का नव्हे. स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप तर मुळाशी जातो: बाईकडून आयुष्यभर सेवेची अपेक्षा करायची आणि ती करते म्हणून तिलाच आजारी ठरवायचे. हा आक्षेप हवेतला नाही. स्किझोफ्रेनियाला आईचे वागणे कारण असते, असा एक सिद्धांत १९४८ नंतर कित्येक वर्षे मिरवला गेला. तो खोटा निघेपर्यंत असंख्य आयांनी आजारी मुलाबरोबर हा दोषही वाहिला.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. जपानी मनोविकारतज्ज्ञ ताकेओ दोई यांनी १९७१ मध्ये 'अमाए' या शब्दाभोवती एक पुस्तक लिहिले. समोरचा आपले लाड करील या भरवशावर त्याच्यावर रेलणे, असा काहीसा त्याचा अर्थ; जपानी माणसाला त्यात दुबळेपणा दिसत नाही. भारतात २०१६ मध्ये एका घटस्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की लग्न झाले किंवा मुलगा सज्ञान झाला म्हणून आईवडिलांपासून वेगळे होण्याची पाश्चात्त्य कल्पना इथे सर्वसाधारणपणे मानली जात नाही. मुंबईतले घरभाडे पाहता पंचविशीतल्या, तिशीतल्या मुलाने आईवडिलांकडे राहणे हा व्यवहार आहे, विकार नव्हे. गतिमंद किंवा दीर्घ आजारी मुलाची आयुष्यभर काळजी घेणाऱ्या पालकांना तर हा शब्द लावूच नये.

मग ओळखायचे कसे? एका छताखाली किती जण राहतात, दिवसातून किती फोन होतात, यावरून काहीच कळत नाही. न्यू जर्सीतल्या मुलाशी पुण्याच्या आईचे रोज रात्री नऊला बोलणे होते, हे सुखाचेही असू शकते. एखाद्या रात्री त्याने फोन केला नाही तर काय होते, ते पाहावे. आई "दमला असेल" म्हणून झोपली, तर ठीक. दुसऱ्या दिवशी तिचा रक्तदाब वाढल्याचे बहिणीकडून कळले, चार दिवस अबोला झाला, आणि पुढच्या वेळी मीटिंग सोडून मुलाने नऊचा फोन गाठला, तर तो फोन आता बोलण्यासाठी राहिलेला नाही, भीती शमवण्यासाठी आहे.

मराठी घरात या भीतीची भाषा ठरलेली असते. "तुझ्यासाठी हाडाची काडं केली." "मी गेल्यावर कळेल." "आमचं काय, आम्ही आज आहोत उद्या नाही." एकदा रागात निघालेले असे वाक्य कुठल्याही घरात ऐकू येते, दर निर्णयाच्या तोंडावर ते निघत असेल तर गोष्ट वेगळी. असल्या घरातला मुलगा कौतुकाने 'श्रावणबाळ' म्हणवला जातो. मूळ कथेतले आईवडील आंधळे होते आणि त्यांना कावडीची खरोखर गरज होती, हे कौतुक करणारे विसरतात. उलट मराठी मनात आईचा आदर्श म्हणून बसलेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तली आई पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला मारून विहिरीवर धाडते. त्याची भीती तिला दिसत नाही असे नाही. त्या भीतीखातर ती त्याला घरी ठेवत नाही, इतकेच.

पैशाच्या खुणा जास्त स्पष्ट असतात, म्हणून त्या आधी पाहाव्यात. पुण्याच्या पेठांत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला दरमहा खोलीचे आणि मेसचे पैसे पाठवणे हा आधार. पण सातव्या वर्षी तो अभ्यासिकेत जात नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते, वडील सोसायटीचे कर्ज काढतात, गावात "यंदा नक्की" असे सांगतात, आणि घरात त्याविषयी कुणी शब्द काढत नाही. इथे पैशाइतकीच मौनाचीही देवघेव चालू असते.

उलट्या दिशेचे सहअवलंबित्व ओळखणे अवघड, कारण त्याला शाबासकी मिळते. इव्हान बोझोर्मेनी-नाज आणि जेराल्डिन स्पार्क यांनी १९७३ मध्ये मुलाने पालकाची जागा घेण्याच्या या प्रकाराची मांडणी केली. धाकट्या भावाला शाळेत सोडणे, रेशन आणणे ही कामे मुलाला बहुधा बाधत नाहीत. घराने त्यांची दखल घेतली तर अंगी जबाबदारीही येते. बाधते ते भावनिक ओझे. "माझी लेक म्हणजे माझी मैत्रीणच" असे म्हणत दहा वर्षांच्या मुलीला नवऱ्याविषयीच्या सगळ्या तक्रारी ऐकवल्या, की ती 'समंजस' होते आणि बाबांशी बोलताना आईशी फितुरी केल्यासारखी चोरटी होते. अमेरिकी अभिनेत्री जेनेट मॅककर्डी यांनी २०२२ च्या आत्मकथनात याचे टोक सांगितले आहे: आईचे अभिनयाचे स्वप्न त्यांनी लहानपणी स्वतःचे मानले, अकराव्या वर्षी आईने शिकवले म्हणून जेवण कमी केले, आणि आई खूश आहे ना, यावर दिवस बरा की वाईट ते ठरवले. आईच्या मृत्यूनंतर आणि उपचार सुरू झाल्यावरच त्यांना हे वेगळे पाहता आले.

वेळीच काही केले नाही तर हे नाते किती लांबते, याचे उदाहरण जपानात आहे. घरात कोंडून घेणाऱ्यांना तिथे 'हिकिकोमोरी' म्हणतात. २०१९ च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीत ४० ते ६४ या वयोगटातच अशा लोकांची संख्या ६ लाख १३ हजार असल्याचा अंदाज निघाला. सगळ्यांचे कारण एक नाही. पण ऐंशीच्या घरातले आईवडील पेन्शनवर पन्नाशीतल्या मुलाला पोसतात, या '८०-५०' प्रश्नाकडे पाहताना मनोविकारतज्ज्ञ तामाकी साइतो यांचे जुने निरीक्षण आठवते: कोंडलेल्या मुलाबरोबर लाजेपायी घरही हळूहळू जगाशी बोलणे थांबवते.

यातून बाहेर पडण्याची सुरुवात बहुधा पालकाला करावी लागते, आणि ती मुलाच्या संमतीवाचूनही होऊ शकते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी चिंताग्रस्त मुलांसाठी रचलेल्या 'स्पेस' या उपचारात थेरपिस्ट मुलाला भेटतच नाही, फक्त पालकांशी काम करतो. मुलाला भीती वाटू नये म्हणून पालक काय काय करतात, शाळेच्या फाटकाबाहेर थांबतात, रात्री शेजारी झोपतात, ते शोधून एकेक कमी केले जाते. तेही न रागावता, आधी सांगून: "तुला भीती वाटते हे कळतं मला, आणि तुला ती झेपेल याची खात्रीही आहे." ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांच्या अभ्यासात याचा गुण मुलांवर थेट केलेल्या वर्तनोपचाराइतकाच आला.

व्यसनाच्या घरांसाठी न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मेयर्स यांच्या पुढाकाराने 'क्राफ्ट' ही पद्धत विकसित झाली. तिच्यात भांडण आणि विनवणी दोन्ही बाजूला ठेवून, मुलगा शुद्धीत असताना त्याला वेळ आणि प्रेम द्यायचे, प्यायलेला असताना निमूट दूर व्हायचे, आणि परिणाम त्याचे त्यालाच भोगू द्यायचे. १३० कुटुंबीयांच्या १९९९ मधील अभ्यासात या मार्गाने ६४ टक्के व्यसनी उपचारांना आले. सगळ्यांनी मिळून व्यसनीला घेरण्याच्या पद्धतीत ३० टक्के, अल-अॅनॉनच्या धर्तीवरच्या उपचारात १३ टक्के. अर्थात अल-अॅनॉनचा हेतू कुटुंबीयाला सावरण्याचा, व्यसनीला उपचारांना आणण्याचा नव्हे. तेव्हा ही तुलना थोडी अन्यायाचीच.

सोमवार सकाळच्या त्या आईने यापुढे ऑफिसात फोन करायचा नाही असे ठरवले, तर पहिला महिना आधीपेक्षा वाईट जातो. जी कळ दाबल्यावर दरवेळी दिवा लागत होता तो लागेनासा झाला, की माणूस आधी ती कळ जास्त जोराने दाबतो. मुलगा आरडाओरडा करतो, मामाला फोन लावतो, "मी जिवाचं काही करून घेईन" असेही म्हणतो. अशा धमकीला नाटक समजू नये आणि तिच्यापुढे जुना करारही पुन्हा करू नये; तेव्हाच बाहेरची मदत घ्यावी. मारहाण होत असेल तर आधी सुरक्षितता. आणि वडील किंवा आजी गुपचूप पैसे देत असतील, तर आईच्या एकटीच्या नकाराचा उपयोग होत नाही. घरातल्या मोठ्यांचे आधी आपसात ठरणे हा यातला सर्वांत कठीण, आणि बहुधा टाळला जाणारा, भाग असतो.

मोठ्या झालेल्या मुलाच्या बाजूने सुरुवात लहान गोष्टींपासून होते: सोफ्याचा रंग न विचारता निवडणे, पगाराचा आकडा न सांगणे, फोन नऊऐवजी रविवारी करणे. अपराधीपणा वाटणारच, आपण चुकलो याचा तो पुरावा नव्हे. संबंध तोडण्याचा सल्ला समाजमाध्यमांवर सहज मिळतो, पण अत्याचार नसलेल्या बहुतेक घरांत तुटेपर्यंत ताणण्याची वेळ येत नाही. आईचा राग आईकडे राहू द्यायचा आणि तरी दिवाळीला घरी जायचे, हे जमते. शिकायला मात्र वेळ लागतो.

महाराष्ट्रात समुपदेशनासाठी ठाण्यातली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था, व्यसनाच्या प्रश्नासाठी मुक्तांगण आणि अल-अॅनॉनच्या सभा हे मार्ग आहेत. केंद्र सरकारची १४४१६ ही विनामूल्य टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. मुलगा यायला तयार नसला तरी फोन पालकाने एकट्याने केला तर चालतो.