पैनगंगेपलीकडचा नागोबा

आजोबांची एक चोपडी माझ्याकडे आहे. आजोबा म्हणजे आईचे वडील. पाटणबोरीला त्यांचं किराण्याचं दुकान होतं. मोडी शिकायला मला चाळिशी उलटावी लागली, त्यामुळे ही चोपडी वीसेक वर्षं घरात असूनही मुकीच होती. आता वाचता येते. मीठ, गूळ, तंबाखू, बांगड्या, लुगडी असा माल, आणि समोर नावं: मडावी, आत्राम, कुमरा, मेसराम. काही पानांच्या डोक्यावर 'केसलापूर बाजार' असं लिहिलेलं आहे.

गेल्या पौषात त्या केसलापूरला आम्ही घरची पाचजणं जाऊन आलो. आई, बायको, लेक, जावई आणि मी. आईचं वय ऐंशीच्या घरात. लहानपणी ती वडिलांबरोबर बंडीतून गेली होती, तेव्हा वाटेत मुक्काम पडायचे. आता पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्गाने पाटणबोरी, पैनगंगेचा पूल, आदिलाबाद, गुडीहत्नूर, इंद्रवेल्ली असं सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येतं. आईला पूल आवडला नाही. नदी दिसलीच नाही म्हणाली.

केसलापूरचा नागोबा हा गोंडांतल्या मेसराम कुळाचा देव. पौष अमावास्येच्या मध्यरात्री त्याची महापूजा होते. त्याआधी मेसराम मंडळी अनवाणी चालत गोदावरीवर जातात, जन्नारमकडच्या हस्तिनामडुगू डोहातून पितळी झारीत पाणी भरून आणतात आणि केसलापूरच्या वडांखाली उतरतात. पूजेला लागणारी मातीची भांडी सिरिकोंड्याचे कुंभार पिढ्यान्पिढ्या घडवत आले आहेत. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून देण्याचा विधी त्याच रात्री होतो. त्याला 'भेटिंग' म्हणतात. हा शब्द इंग्रजी वाटला तरी आपल्या 'भेट'शी त्याचं नातं उघड आहे. पांढरी लुगडी नेसलेल्या सुना रांगेने येतात, आणि ही भेट झाल्याखेरीज सून पुरती मेसराम होत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या मेसरामांच्या सुनाही तिथेच येतात. राज्याची सीमा त्यांच्या देवाला माहीत नसावी.

सीमा मात्र जुनी आहे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं तेव्हापासून पैनगंगेच्या अलीकडे इंग्रज आणि पलीकडे निजाम. आपल्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत, यवतमाळ हे नाव 1905 चं. नदी ओलांडली की नाणंही बदले. इकडे कलदार, तिकडे हाली, आणि हाली कलदारपेक्षा हलका. आजोबांच्या चोपडीत दोन्हींचे वेगवेगळे रकाने आहेत. पुढे 1956 च्या पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले, बाकीचा जिल्हा आंध्रात गेला. गोंड माणूस दोन्हीकडे वाटला गेला.

आम्ही दरबाराच्या दिवशी गेलो होतो. पूजा उरकल्यावर दोन-तीन दिवसांनी मोठ्या मांडवात कलेक्टर आणि इतर अधिकारी बसतात आणि लोक आपली गाऱ्हाणी मांडतात. जमीन, पट्टा, रस्ता, शाळा. माझ्या शेजारचा एक वृद्ध मराठीत म्हणाला, "हे तर गोंड राजांपासून चालू आहे." मीही वर्षानुवर्षं तसंच समजत होतो, एकदा तसं लिहूनही टाकलं होतं. ते चूक होतं. देव जुना, जत्रा जुनी, पण दरबार गेल्या शतकाच्या चाळिशीतला आहे, आणि तो सुरू होण्यामागे एक परदेशी माणूस होता.

1940 साली जोडेघाटला कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीने मारला गेला. जंगल राखीव झालेलं, पिढीजात कसलेल्या जमिनी दुसऱ्यांच्या नावावर चढलेल्या, चराईला पैसे. लढा त्यातून उठला होता. गोंड एवढे का पेटले, हे निजाम सरकारला जाणून घ्यायचं होतं. हे काम आलं क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांच्याकडे. माणूस व्हिएन्नाचा, पासपोर्ट जर्मन, म्हणजे महायुद्धात इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक. हैदराबाद संस्थानात अडकून पडलेल्या या मानववंशशास्त्रज्ञाने मारलवाईत पत्नी बेट्टीसह मुक्काम केला. तिथे आदिवासी शिक्षक तयार करणारी शाळा निघाली आणि गोंडीची पाठ्यपुस्तकं निघाली तीही देवनागरीत, कारण या भागातल्या गोंडांना बाहेरच्या जगाशी बोलायला मराठीच जवळची होती. हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. आणि जिथे गोंड आपणहून जमतात तिथेच अधिकाऱ्यांनी जाऊन ऐकावं, म्हणून नागोबाच्या जत्रेत दरबार भरू लागला. पुढे बेट्टी आणि हायमेन्डॉर्फ या दोघांनाही मारलवाईच्याच मातीत जागा मिळाली.

परंपरेला अशी तारीख सापडली की काही वाचक नाराज होतात. व्हायचं कारण नाही. इंग्लंडात केंब्रिजशायरमधल्या विटलसी गावी जानेवारीच्या थंडीत एका माणसाला पेंढ्यात मढवून, 'अस्वल' करून दारोदार नाचवत. नांगरणीचा हंगाम सुरू होताना हातावर पोट असलेल्या मजुरांना त्यातून चार पैसे, खाणंपिणं मिळे. 1909 मध्ये पोलिसांना ती भीक वाटली आणि अस्वल बंद पडलं. 1980 मध्ये गावातल्या हौशी मंडळींनी ते पुन्हा उभं केलं. आज तिथे कुटुंबंच्या कुटुंबं दिवसभराच्या सहलीला जातात. आपल्याकडे दिवाळीत अंगाला राख फासून, मोरपिसांचा टोप घालून दंडारीबरोबर गावोगाव फिरणारा घुसाडी पाहिला की त्या अस्वलाची आठवण येते. फरक एवढाच की घुसाडी पाहुणा म्हणून जातो, त्याला कोणी भिकारी म्हणत नाही. मेसरामांनाही कुणी हौशी मंडळी लागली नाहीत. 2022 मध्ये उभं राहिलेलं नागोबाचं नवं दगडी देऊळ त्यांनी घरटी वर्गणी काढून बांधलं.

माझं मन मात्र त्या पट्ट्यांपाशी अडकलं. जमिनी 'दुसऱ्यांच्या नावावर' चढल्या, असं आपण सहज लिहून जातो. ते दुसरे कोण? हायमेन्डॉर्फने लिहिलेलं आहे: सावकार, व्यापारी, बाहेरून आलेले कास्तकार, त्यात पैनगंगेअलीकडची मराठी माणसंही. चोपडीत मिठा-गुळाच्या उधारीखाली बियाण्याची उधारी आहे. ज्वारी सवाईने, काही ठिकाणी दिढीने. म्हणजे पायलीला सव्वा पायली किंवा दीड पायली परत. समोर निळ्या शाईचे अंगठे. एका पानावर अंगठ्याखाली बैलजोडीची नोंद आहे आणि तिच्यावर आडवी रेघ. बैल परत गेले की आमच्या गोठ्यात आले, हे त्या रेघेवरून कळत नाही. जमीन आम्ही घेतली असं एकाही पानावर नाही. पण चोपडीची शेवटची पानं फाटलेली आहेत.

मांडवात बसल्या बसल्या मी हे आईला सांगितलं. ती बराच वेळ समोर पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा जत्रेतून परत येताना बंडी रिकामी नसायची. बंडी रिकामी नाही म्हणून आम्हाला चालावं लागायचं." एवढंच. जावई म्हणाला की सगळेच तेव्हा तसं करत. लेकीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

निघताना इंद्रवेल्लीच्या स्तूपापाशी थांबलो. 20 एप्रिल 1981 ला जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर इथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा, लोक त्याहून कितीतरी जास्त सांगतात. आईला पायऱ्या चढवेनात. ती गाडीतूनच हात जोडून बसली होती.

घरी आल्यावर चोपडीतली केसलापूर बाजाराची पानं लेकीने आणि मी मिळून देवनागरीत उतरवून काढली. मी मोठ्याने वाचायचं, तिने लिहायचं. एकंदर सतरा नावं निघाली, त्यांतली तीन मेसरामांची. चौघांसमोर गावंही आहेत. पुढच्या पौषात ती यादी घेऊन जायचं ठरलं आहे. आई म्हणते, चोपडीच न्या.