चिखलीची वेलांटी आणि लिनक्सचा पडदा

बुलढाणा जिल्ह्यातल्या ‘चिखली’ या नावातली पहिली वेलांटी संगणकाच्या स्मृतीत ‘च’नंतर साठवलेली असते, पडद्यावर मात्र ‘च’च्या आधी काढावी लागते. लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, मजकुरी पडद्याला एका वेळी २५६, फार तर ५१२ ठरावीक आकृत्याच ठाऊक असतात. जोडाक्षरांचा पसारा तिथे मावत नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पीसीवर ही अडचण जिस्ट कार्डाने, म्हणजे वेगळा यंत्रभाग बसवून सोडवली. ते मोठंच काम होतं, पण लिपीला टिकाऊ आधार दिला तो खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांनी.

यावर कोणी म्हणेल, अक्षरं जुळवतात फॉन्ट आणि हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी. ड्रायव्हर नुसते ठिपके पोचवतो. बरोबर आहे. पण ठिपक्यांवर ताबाच नसेल तर वेलांटी काढायची कुठे? मार्च २००९च्या लिनक्स २.६.२९ आवृत्तीत, आधी इंटेलच्या चिपांसाठी, पडद्याची मांडणी ठरवण्याचं काम कर्नेलने स्वतःकडे घेतलं. आणि आधार टिकाऊ का, तर बंदिस्त ड्रायव्हर कंपनीने सोडला की जुनं यंत्र अडतं. खुला ड्रायव्हर कोणीही दुरुस्त करू शकतो. एनव्हिडियाने आपली कर्नेल मॉड्यूल खुली केली ती थेट मे २०२२मध्ये. कर्नेलच्या स्वतःच्या मजकुरी पडद्यावर मात्र ‘चिखली’ अजूनही नीट उमटत नाही.