गेलिक खेळ व त्यांचे प्रेक्षक

गेलिक फुटबॉल व हर्लिंग हे आयर्लंडचे दोन प्रमुख देशी मैदानी खेळ. दोन्हींत प्रत्येकी १५ खेळाडूंचे दोन संघ असतात व गोलखांब रोमन लिपीतील ‘एच’ अक्षराच्या आकाराचे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेल्यास गोल म्हणजे ३ गुण, वरून गेल्यास १ गुण मिळतो; फुटबॉलमध्ये दुरून मारलेल्या फटक्याला २ गुण देण्याचा नियम २०२५ मध्ये आला. हर्लिंग ॲश वृक्षाच्या लाकडाच्या काठीने खेळतात. हॉकीशी त्याचे साम्य वरवरचे आहे. चेंडू डोक्यावरील उंचीवरही टोलवता येतो.

या खेळांचे नियमन करणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स येथे स्थापन झाली. मायकेल क्युसॅक व मॉरिस डेव्हिन हे तिचे प्रवर्तक होत. इंग्रजी खेळांच्या वाढत्या प्रभावाला विरोध हे तिचे उद्दिष्ट असल्याने येथे प्रेक्षक होणे ही केवळ करमणूक राहिली नाही. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर डब्लिन व टिपरेरी यांचा सामना चालू असता ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. त्यात १४ जण मृत्यू पावले. टिपरेरीचा मायकेल होगन हा खेळाडू वगळता बहुतेक सर्व मृत सामना पाहावयास आलेले होते. उलटपक्षी, संघटनेच्या सभासदाने सॉकर, रग्बी, क्रिकेट वा हॉकीचा सामना नुसता पाहणे हाही दीर्घकाळ गुन्हा होता. राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड हे संघटनेचे आश्रयदाते होते. १९३८ मध्ये सॉकरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यास उपस्थित राहिल्याबद्दल त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. गेलिक भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचलेल्या या विद्वानास असे वागविणे अनुचितच म्हटले पाहिजे. ही बंदी १९७१ मध्ये उठली.

२९ ऑगस्ट १९२६ रोजी किल्केनी व गॉलवे यांच्यातील हर्लिंगच्या उपांत्य सामन्याचे धावते वर्णन डब्लिन नभोवाणीने प्रक्षेपित केले. यूरोपातील अशा आरंभीच्या प्रक्षेपणांपैकी ते एक होय. नभोवाणी-संच थोडे असल्याने ज्या घरी वा दुकानी तो असे, तेथे गाव जमे. १९४७ मध्ये फुटबॉलचा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर झाला. १८४७ च्या दुष्काळवर्षाची शताब्दी आणि तेथील मोठा आयरिश समाज ही त्यामागील कारणे होती. कॅव्हनने केरीचा पराभव केला. समालोचक मीहॉल ओ’हेहिर यांच्यासाठी राखलेल्या दूरध्वनिवाहिनीची मुदत सामना संपण्यापूर्वीच सरत आली, तेव्हा त्यांनी वर्णनाच्या ओघातच आणखी पाच मिनिटांची याचना केली व ती मान्य झाली.

दूरचित्रवाणीवरून अंतिम सामने १९६२ पासून दिसू लागले. आदल्याच वर्षी डाउन व ऑफली यांच्या सामन्यास ९०,५५६ प्रेक्षक आले होते. हा विक्रम अद्याप अबाधित आहे.

परदेशस्थ आयरिशांचा या खेळांशी संबंध जुनाच. हर्लिंगचा लिअम मॅकार्थी चषक व फुटबॉलचा सॅम मग्वायर चषक ही दोन्ही नावे लंडनच्या आयरिश वसाहतीतील कार्यकर्त्यांची. १९८० नंतरच्या बेकारीत पुन्हा असंख्य तरुण देशाबाहेर पडले. लंडन, बॉस्टन, न्यूयॉर्क, सिडनी येथील आयरिश मद्यगृहे (पब) ही त्यांची भेटण्याची ठिकाणे. १९९० च्या दशकात उपग्रहाद्वारे सामने तेथे थेट दिसू लागले व मद्यगृहचालक त्यासाठी प्रवेशशुल्क घेऊ लागले. डब्लिनमध्ये दुपारी साडेतीनला सुरू होणारा उन्हाळी सामना न्यूयॉर्कला सकाळी साडेदहाला, सॅन फ्रॅन्सिस्कोला साडेसातला, तर सिडनीला मध्यरात्रीनंतर साडेबाराला दिसतो. त्यामुळे अमेरिकेत मद्याऐवजी न्याहारीच अधिक खपते, असे गमतीने म्हणता येईल. आपल्या परगण्याचा रंगीत सदरा घालून येणे हा येथील शिष्टाचार. प्रतिस्पर्धी परगण्याचे लोकही त्याच बाकावर बसतात, कारण मैदानावरही दोन्ही पक्षांचे प्रेक्षक वेगळे बसवीत नाहीत.

२०१४ मध्ये काही सामन्यांचे हक्क स्काय या सशुल्क वाहिनीस दिले गेले, तेव्हा खुद्द आयर्लंडमध्ये वाद माजला. खेळाडू हौशी, त्यांना वेतन नाही. मग खेड्यातील वृद्धाने पैसे का मोजावेत, हा आक्षेप निराधार नव्हता. ही व्यवस्था २०२२ मध्ये संपली. २०१४ मध्येच परदेशस्थांसाठी आंतरजालावरील सशुल्क प्रक्षेपणसेवाही सुरू झाली. परक्या शहरात एकट्याने राहणाऱ्यास आता खोलीतच सामना पाहता येतो. तथापि अंतिम सामन्याच्या दिवशी पुष्कळजण अजूनही मद्यगृहाचीच वाट धरतात.