कचेरीची बोली आणि देवाचे शेत

कचेरीतील बोजड शब्दांवर त्रागा करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अशा वेळी रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाचा दाखला हटकून निघतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने तो सिद्ध झाला. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला. परंतु बिदर जिल्ह्यातील औरादसारख्या तालुक्यात हा विषय केवळ भाषाभिमानाचा नाही. येथे अशाच एका शब्दावर शेत देवाचे की पुजाऱ्याचे, हे ठरत असे.

हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १८८४ साली हैदराबादच्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. क्रियापदे तेवढी बदलली. संज्ञा जिथल्या तिथे राहिल्या. अमरेश्वराच्या देवळात जमणारी मंडळी मराठी बोलत, कन्नड बोलत. त्यांच्या जमिनीचा कागद मात्र तिसऱ्याच भाषेत लिहिला जाई. वर्षही फसली. त्यात ५९० मिळवावे तेव्हा साधारणपणे इसवी सन हाती लागे. महिने आजूर, दय, बहमन! तारीख लावण्यातच जुन्या वकिलाची अर्धी सकाळ जात असेल.

इनामाची चौकशी होऊन निर्णयाचा जो कागद हाती पडे, तो 'मुंतखब'. इनाम कोणत्या प्रकारचे, हे त्यात नमूद असे. 'मददमआश' म्हणजे उपजीविकेसाठी दिलेले साहाय्य. ते सहसा व्यक्तीला व तिच्या वंशाला. 'मशरूत-उल-खिदमत' म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेले. पूजा चालू आहे तोवर भोगवटा, असा त्याचा आशय. पुजारी तोच, शेत तेच, नांगरही तोच. भेद फक्त कागदावरचा. पिढ्यानपिढ्या तो कुणाला जाणवलाही नसेल.

१९५५ मध्ये हैदराबाद राज्याचा इनाम रद्द करण्याचा कायदा झाला आणि हा भेद एकाएकी प्रकट झाला. मूळ कायद्याने धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे वगळली होती. साहजिकच इनाम संस्थेचे की व्यक्तीचे, या प्रश्नावर वाद उभे राहिले आणि निम्म्याअधिक लोकांना वाचताही न येणारा मुंतखब पुराव्याला आला. ज्याला त्याचा अर्थ लावता येई, त्याची बाजू आधीच बळकट होई.

दोष उर्दूचा, असे मी म्हणणार नाही. 'मशरूत-उल-खिदमत' काढून 'सेवासापेक्ष अनुदान' लिहिले असते, तरी नांगरधाऱ्याला काय उलगडले असते? शिवकाळातील तो प्रयत्न थोर खरा. तथापि तोही दरबाराचा कोश होता, बांधावरचा नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर म्हैसूर राज्यात आले. त्या राज्याचे १९७३ मध्ये कर्नाटक झाले. कारभार कन्नडात गेला आणि मराठी कुटुंबांपुढे पुन्हा नवी संज्ञावली आली. त्यातही एक गंमत आहे. जमिनीच्या उताऱ्याला तिथे लोक आजही 'पहाणी' म्हणतात. 'भूमी' योजनेत अभिलेख संगणकावर चढले, तरी तो शब्द हटला नाही. पीक पाहणाऱ्याने शेतावर जाऊन पाहावे व लिहावे, ती पाहणी. आपल्याच 'पाहणे' या क्रियापदाची. तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुंतखब मात्र कित्येक देवस्थानांच्या पेटीत घडी न मोडता पडून असतील. विश्वस्तांनी ते जाणत्याकडून वाचून घ्यावेत आणि त्यांचा मराठी व कन्नड तर्जुमा सोबत ठेवावा. उर्दू दफ्तर वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत.