बुडबुडे मोजणारा विद्यार्थी

तिवशाच्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढली, की शेतकऱ्याची नजर काट्यावरून हलत नाही. खरे माप आणि खरी नोंद यांवर त्याचे सारे वर्ष उभे असते. आज अशाच एका मापाची हकीकत सांगतो. पण ते माप बुडबुड्यांचे आहे.

आपल्या वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जाई. कापड धुवायचे, रंगवायचे, तर रसायन जाणणारी माणसे हवीत. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला. वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे त्याचे आरंभीचे विषय. १९६४ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, मनमोहन शर्मा केंब्रिजहून येऊन तेथे प्राध्यापक झाले.

१९६६ साली पदवी घेतलेला एक तरुण त्यांच्या हाताखाली संशोधनाला राहिला. त्याचे नाव रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचा मुलगा. वडील लहानपणीच वारलेले. माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठी एकवीस रुपये उभे करताना आईच्या नाकी नऊ आले होते. पुढे टाटा विश्वस्त निधीची महिना साठ रुपये शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून कॉलेज झाले.

अशा संशोधक विद्यार्थ्याचे काम तरी काय? उभ्या नळकांड्यात द्रव भरायचा, खालून वायू सोडायचा आणि वर चढणाऱ्या बुडबुड्यांतून किती वायू द्रवात मुरला ते काढायचे. बुडबुडे डोळ्यांनी कोण मोजणार? म्हणून द्रवात कॉस्टिक सोडा घालायचा, कार्बन डायऑक्साइड सोडायचा, मग थोडा द्रव काढून त्यात थेंबाथेंबाने आम्ल टाकायचे. किती सोडा खर्ची पडला ते कळले, की बुडबुड्यांचा एकूण पृष्ठभाग गणिताने निघतो. आकडा वहीत लिहायचा, वायूचा वेग बदलायचा, की पुन्हा पहिल्यापासून!

हे कंटाळवाणे वाटेल. पण आपण शेतात युरिया टाकतो, त्याच्या कारखान्यातही वायू असाच द्रवात मुरवावा लागतो. नळकांडे किती उंच बांधावे, हे अशा आकड्यांवरूनच ठरते.

१९६९ साली माशेलकरांना पीएच्.डी. मिळाली. १९९५ साली ते देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख झाले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट त्याच वर्षी अमेरिकेत दिले गेले होते. परिषदेने ते आव्हानले आणि १९९७ साली ते रद्द झाले. कशाच्या बळावर? जुन्या ग्रंथांतल्या आणि नियतकालिकांतल्या लेखी नोंदींच्या. हळद आपल्या आजीलाही ठाऊक होती. पण तेथे कागदच बोलला.

गुरुजींनो, तुमच्या वर्गात पर्जन्यमापक वाचून आकडा टिपणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेलच. आकडा चुकला तर रागावू नका. पुन्हा मोजायला लावा. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तेवढा मुदतीच्या आत धाडा.